‘ठाऊक नाही’ म्हणणारा पडदा

नारायणा, तू गेल्यावर सगळ्यांनी मला एकच सांगितलं, त्याच्या वस्तू लवकर आवर, म्हणजे त्रास कमी होतो. मी कपडे दिले, चष्मा दिला, छत्रीसुद्धा दिली. फोन मात्र चार्जिंगला लावून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बहिणीची माया. खरं कारण वेगळं होतं. ऑफिसात तुझ्या खुर्चीवर आलेल्या माणसानं मला तो चालू ठेवायला सांगितलं होतं, आणि का सांगितलं ते कळेपर्यंत मी तो बंद करणार नव्हते.

तुझं शिक्षण, तुझ्या बदल्या, बढत्या, हे सगळं तुझ्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसच्या फलकावर कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलंय. मी दोनदा वाचलं. त्यात तू मला सापडला नाहीस. म्हणून हे लिहायला बसले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरातल्या मराठीत, कारण आपली भांडणं मराठीतच व्हायची. जिन्यात शेजारी भेटले की तमिळ, दार लोटलं की मराठी. पुण्याहून आलेली मावसबहीण आपलं बोलणं ऐकून हसली होती. म्हणाली, “तुम्ही लोक अजून ‘जाहले’ म्हणता?” तू तिला म्हणालास, “जे जाहले त्याला आम्ही जाहलेच म्हणतो.” ती हसली, मीही हसले. पण मनात म्हटलं, घरात म्हणतोस रे, ऑफिसात म्हणतोस का?

असं माझं मन. लहानपणापासून तू मला संशयी म्हणत आलास, आणि मी ते कधी नाकारलं नाही.

सेल्वराज आला तो क्रियाकर्म आटोपल्यावर. तुझ्या जागेवर आता तो आलाय. माझा जुना विद्यार्थी, हे तुला ठाऊकच होतं. सफरचंदं घेऊन आला, तुझ्या फोटोसमोर हात जोडले, खुर्चीच्या कडेवर बसला. “सार म्हणजे सोनं होते, टीचर,” तुझ्याबद्दल म्हणाला. कॉफी आली. पुन्हा म्हणाला, सार म्हणजे सोनं. कॉफी संपल्यावर तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मला कळलं की याचं काहीतरी काम आहे.

“सारांचा फोन चालू ठेवा, टीचर. एक ओटीपी येईल. मी लगेच तुम्हाला फोन करीन. तेवढा आकडा मला सांगायचा.”

“कसला ओटीपी?”

“पाण्याच्या सिस्टिममध्ये एक छोटा बदल आहे. त्याची मंजुरी सारांच्या नंबरवर जाते.”

“माणूस गेला, आणि मंजुरी अजून त्याच्याकडेच?”

“नंबर बदलायला ऑर्डर लागते. वेळ जातो त्यात.”

“बदल काय आहे?”

“टेक्निकल आहे, टीचर.”

मी जन्मभर गणित शिकवलं. मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तर लिहिणारा मुलगा आणि ‘टेक्निकल आहे’ म्हणणारा अधिकारी, दोघांकडे मी सारख्याच नजरेनं बघते. “बरं,” एवढंच म्हटलं. तो गेल्यावर तुझा फोन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. तुझ्याबद्दलचा जुना संशय पुन्हा वर आला होता. वाटलं, हा तुझा साथीदार असेल तर? तुम्ही दोघांनी मिळून काही झाकलं असेल, आणि उरलेलं झाकण आता माझ्या हातून लावून घ्यायचं असेल तर?

हा संशय कुठून आला, तेही सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तू कधी ऐकून घेतलं नाहीस.

पाण्याची ही नवी योजना गावात आली तेव्हा तू शाळेतल्या पोरासारखा घरी आला होतास. हात न धुता पानावर बसलास आणि सांबाराचे ओघळ करून मला पाइपलाइन दाखवलीस. प्रत्येक टाकीत सेन्सर, पाणी किती आहे ते सांगणारा. प्रत्येक मोठ्या पाइपवर मोटरीनं उघडणारा व्हॉल्व्ह. सगळं एका खोलीतल्या पडद्यावर दिसणार, आणि आपल्या गल्लीत पाणी कधी येणार ते लोकांना फोनवर कळणार. मी विचारलं, आता जे व्हॉल्वमन सायकलवरून फिरत व्हॉल्व्ह उघडतात त्यांचं काय? तू म्हणालास, “त्यांना सोडून नाही अक्का, त्यांना घेऊनच. एक टाकी घ्यायची. तिच्याखालच्या गल्ल्या घ्यायच्या. एक उन्हाळा जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवायचं. चुकतं कुठे ते बघायचं, मग दुसरी टाकी.”

हेच तू पहिल्या बैठकीत मांडलंस. वरचे साहेब म्हणाले, निधी सगळ्या गावासाठी आलाय आणि तो या वर्षात खर्च झाला पाहिजे. आणि म्हणाले, “एका टाकीच्या उद्घाटनाला कोण येणार?” हे वाक्य तू मला हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्या योजनेकडे मी तिरक्या नजरेनं बघायला लागले.

पुढं यंत्रांची खोकी आली. खोक्यांवर खोकी. ती बसवणाऱ्या कंपनीला पैसे मिळणार ते खोकं पोचलं म्हणून आणि भिंतीवर बसवलं म्हणून. नळाला पाणी आलं की नाही याचा करारात कुठे उल्लेखच नव्हता, हे तूच बोलता बोलता बोलून गेलास.

“असं का नाही लिहिलं, की नळाला पाणी आलं तर पैसे?”

“ते मोजणार कोण, अक्का?”

“मी मोजते. बादली आहे माझ्याकडे.”

तू चिडलास. म्हणालास, तुला सगळं सोपं वाटतं. मला सोपं वाटत नव्हतं. इतकी अवघड गोष्ट कुणी इतक्या सहज कशी करतंय, हेच मला खटकत होतं. मोठे साहेब बदलत होते. आलेल्या प्रत्येकाला तू पहिल्यापासून समजावायचास, आणि त्याला समजेपर्यंत त्याची बदली व्हायची. जाताना प्रत्येकजण आपलं एक शेपूट जोडून जायचा. एकानं तक्रारींचा विभाग घातला, एकानं भिंतभर पडदा मागवला, एकाला नकाशा रंगीत हवा होता. घातलेलं काढायला कुणी सांगितलं नाही. ज्यांनी आयुष्यभर गावाचे व्हॉल्व्ह उघडले त्यांना एकदाच बोलावलं, फोटोसाठी. आखणी करणारे चेन्नैला बसून आखत होते. आपल्या गल्लीच्या वळणावर पाइप खाली जातो की वर, ते चेन्नैहून कसं दिसावं?

उद्घाटनाला मी आले होते, मागच्या रांगेत. भिंतभर पडदा, त्यावर गावातल्या साऱ्या टाक्या, आणि एकूण एक हिरव्या. टाळ्या झाल्या. तू मंचाच्या बाजूला उभा होतास, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि टाळ्या वाजवत नव्हतास. ते मी टिपलं. घरी आले, नळ उघडला. कोरडा. फोनवर बघितलं तर आपल्या गल्लीत पाणी चालू असल्याचं दाखवत होतं, खाली टाकीची पातळीसुद्धा छान भरलेली.

जेवताना मी फोन तुझ्या पानाशेजारी ठेवला.

“हे काय आहे?”

तू बघितलंस. “सेन्सर बंद पडला असेल.”

“मग बंद दाखवायला हवं.”

“बंद पडला की पडदा शेवटचा आकडा दाखवत राहतो. तसंच बनवलंय त्यांनी.”

“म्हणजे मेलेल्या सेन्सरचा शेवटचा श्वास बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला ठाऊक होतं?”

तू ताक वाढून घेतलंस. “तारीख ठरली होती, अक्का.”

“किती मिळाले तुला?”

तू भात तसाच टाकून उठलास. नारायणा, ते मी विचारलं आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा विचारीन. खोट्या पडद्याशेजारी गप्प उभा राहणारा माणूस माझा भाऊ आहे, एवढ्यानं प्रश्न मिटत नाही. पण तू निदान एकदा, रागानं का होईना, ‘नाही’ म्हणायला हवं होतंस. ते तू म्हणाला नाहीस. त्यानंतर आपण दोघं एका घरात राहून भाजी, गॅस आणि लाइटबिल यांपलीकडे काही बोललो नाही.

मग तुझे रविवार सुरू झाले. “गोविंदपुरमला जातो, भजनाला,” म्हणायचास. जन्मात तुला तालात टाळी देता आली नाही. विठोबाच्या देवळात आईनं ओढून नेलं तरी तू बाहेर चपलांपाशी बसायचास. आणि आता दर रविवारी भजन, आणि परत येताना शर्टाच्या बाहीवर गंजाचे डाग. मी एकदा रिक्षा केली आणि तुझ्या स्कूटरच्या मागं निघाले. रिक्षावाल्यानं विचारलं, “घरचा माणूस का, अम्मा?” म्हटलं, “घरचाच, म्हणून तर.” गोविंदपुरमच्या रस्त्याला तू लागलास खरा, पण गावाच्या कडेच्या टाकीपाशीच वळलास. मी लांब उभी राहून बघितलं. तू टाकीच्या शिडीवर, खाली एक वयस्क व्हॉल्वमन शिडी धरून, आणि शेजारी लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरलेली एक तरुण मुलगी. तू वरून काहीतरी ओरडलास, ती हसली, तूही हसलास. घरात कित्येक महिन्यांत मी तुझं हसू बघितलं नव्हतं.

सांगते ते ऐकून तुला हसू येईल. मला वाटलं, या वयात याचं हिच्याशी काहीतरी आहे. निवृत्तीला टेकलेला माणूस आणि लेकीच्या वयाची मुलगी. तशीच रिक्षा वळवून घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. पण ती कंपनीची मुलगी होती, एवढं मी चौकशी करून काढलं. नाव मलर. म्हणजे संशय दुप्पट. ज्या कंपनीनं खोटा पडदा लावला तिच्याच माणसाबरोबर तू रविवारी गुपचूप टाकीवर.

त्यानंतर एका सकाळी माझ्या फोनवर पाण्याचा आकडाच दिसेना. आकड्याच्या जागी एक तमिळ शब्द: तेरियविल्लै. ठाऊक नाही. मला वाटलं, पुरतंच बिघडलं. तू दाढी करत होतास. म्हटलं, “तुझं यंत्र आता काही सांगतच नाही.”

तू आरशातूनच माझ्याकडे बघितलंस. तोंडाला फेस, पण डोळे चमकत होते. “अक्का, ते पहिल्यांदा खरं सांगतंय.”

आणि मग तू बसलास आणि सगळं सांगितलंस. सेन्सर गप्प झाला की पडद्यानं जुना आकडा दाखवायचा नाही, ठाऊक नाही असं म्हणायचं. एवढाच बदल. तो करून घ्यायला तू मलरला राजी केलंस, आणि कंपनीनं परस्पर फिरवू नये म्हणून अशा प्रत्येक बदलाला खात्याच्या माणसाची मंजुरी लागेल असं बसवून घेतलंस. एकेका टाकीवर चढून पडदा काय म्हणतो आणि टाकीत खरोखर काय आहे ते ताडून बघितलंस. त्या सकाळी पडद्यावरच्या निम्म्याहून जास्त टाक्या एकदम राखाडी झाल्या. वरून फोनवर फोन. कुणी म्हणालं, योजना बुडवलीस. तू मला म्हणालास, “राखाडी आहे ते दुरुस्त करता येतं. हिरव्याला कोण हात लावणार?”

त्या दिवशी आपण कितीतरी महिन्यांनी पोटभर भांडलो. मी म्हटलं, हे उद्घाटनाच्या दिवशी मंचावर चढून सांगायला हवं होतंस. तू म्हणालास, “मंचावर चढून बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी बदलीवर रामनाडला. टाकीवर मग कोण चढणार होतं?” मी म्हटलं, सगळे गप्प बसणारे असंच म्हणतात. तू म्हणालास, “आणि सगळे बोलणारे टाकीवर चढत नाहीत.” मी वाद सोडला नाही, तूही नाही. पण तू त्या दिवशी दोनदा भात घेतलास.

तो वाद पुरा व्हायचा राहिला. तू त्यानंतर फार दिवस राहिलाच नाहीस. दाराशी चपला घालताना खाली बसलास आणि म्हणालास, “अक्का, जरा पाणी.” मी पाणी घेऊन आले. याच्यापुढचं मी लिहीत नाही.

तर तुझा फोन. सेल्वराजच्या मागोमाग मलर आली, त्याच आठवड्यात, दुपारची, हेल्मेट हातात घेऊन. दारातच म्हणाली, “अम्मा, मी सरांबरोबर काम करत होते.” मी तिला आत घेतलं, पण पाणी देताना मनात म्हणत होते, ही कंपनीची आहे. हिला काय हवंय?

तिला काही नको होतं. तिनं फक्त तो ‘छोटा बदल’ काय ते सांगितलं. चेन्नैहून कुणी मोठ्या मॅडम पाहणीला येणार होत्या. त्यांनी बघून पसंती दिली की कंपनीचं शेवटचं बिल सुटणार. म्हणून पाहणीच्या आधी तेरियविल्लै काढून टाकायचं आणि पडदा पुन्हा पहिल्यासारखा करायचा.

“कोण करणार ते?”

“मीच, अम्मा. बटण मी दाबायचं. आकडा तुम्ही सांगायचा.”

“नाही म्हटलंस तर?”

“नोकरी राहील की नाही, माहीत नाही.”

“मग मी आकडा सांगू की नको?”

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. “ते मी कसं सांगणार? आकडा सांगितल्यावर काय होतं तेवढं तुम्हाला कळावं, म्हणून आले.”

माझं मन तेव्हाही निवळलं नाही. वाटलं, ही आपली मान सोडवून घेतेय. नकार माझ्या तोंडून जाईल, हिच्यावर काही येणार नाही. कदाचित तसंही असेल. पण तिनं मधली पायरी गाळली नव्हती.

ओटीपी आला तेव्हा मी कीरैची पालेभाजी निवडत होते. तुझा फोन वाजला, मागोमाग माझा. सेल्वराज.

“आकडा आला का, टीचर?”

“आला. पण तो नारायणाला आलाय. नारायण नाही. गेलेल्या माणसाची मंजुरी मी कशी देऊ?”

“नुसता आकडा वाचायचा आहे.”

“तू तुझ्या नावाची ऑर्डर काढून घे. मंजुरी तुझ्या फोनवर येऊ दे. मग हवा तो बदल कर. तुला अडवणारी मी कोण?”

तो हळू आवाजात म्हणाला, “मग माझं नाव लागेल, टीचर.”

“हो. लागेल.”

आकडा पुन्हा आला, पुन्हा आला. मी भाजी फोडणीला टाकली. फोन वाजत राहिला.

संध्याकाळी तो स्वतः आला. या वेळी सफरचंदं नव्हती. खुर्चीवर नीट टेकून बसला, आणि पहिल्यांदा माणसासारखा बोलला. “सारांनी मला टाकीवर बोलावलं होतं. दोनदा. मी गेलो नाही. गेलो असतो तर मला कळलं असतं, आणि कळलं की मग काहीतरी करावं लागतं. ऑफिसात बसून पडद्याकडे बघितलं की सगळं ठीक असतं.”

मी म्हटलं, “उद्या सकाळी जा.”

“पाहणीच्या आधी?”

“पाहणीच्याच आधी. मॅडमनी काही विचारलं तर स्वतः बघितलेलं तरी सांगता येईल.”

जाताना त्यानं वाकून नमस्कार केला. तो खरा होता की नुसती रीत, ते मी ठरवू शकले नाही.

पाहणीच्या दिवशी काय झालं ते मला मलरनं येऊन सांगितलं. भिंतभर पडदा, निम्म्याहून जास्त राखाडी. चेन्नैच्या मॅडमनी विचारलं, हे काय? कंपनीचा माणूस म्हणाला, नेटवर्कची तात्पुरती अडचण. आणि सेल्वराज, ज्याला आपलं नाव लागायची इतकी भीती, तो उठून उभा राहिला. पँटवर गंजाचे डाग होते म्हणे. म्हणाला, “मॅडम, नेटवर्क ठीक आहे. या टाक्यांचे सेन्सर बंद आहेत. आधीही बंद होते, तेव्हा आम्हाला दिसत नव्हतं. आता दिसतंय.” मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेका टाकीचं विचारायला लागल्या. शेवटी बिल थांबवलं. कंपनीला सांगितलं, आधी एक टाकी आणि तिच्या गल्ल्या नीट करून दाखवा, व्हॉल्वमनना बरोबर घेऊन. नळाला पाणी येतं की नाही ते लोकांना विचारून लिहा. एक उन्हाळा तो चालू द्या, मग पुढची टाकी. नारायणा, हे तुझंच पहिल्या बैठकीतलं बोलणं. फक्त तुझं नाव त्याला लागलं नाही, आणि आधी सगळ्या गावाचा निधी संपवून मगच कुणाला ते सुचलं.

मंजुरीचा नंबरही बदलला. आता ती ऑफिसच्या फोनवर जाते आणि दोघांनी मिळून द्यावी लागते. इथे मला तुझ्याशी भांडायचंच आहे. गाव एका पडद्यावर टांगलं म्हणून तू चिडायचास, आणि खरं-खोटं ठरवायची किल्ली मात्र तू तुझ्या एकट्याच्या खिशातल्या फोनवर टांगलीस. माणूस मरतो, बदली होते, फोन हरवतो. सेल्वराज माझा विद्यार्थी नसता, मी जरा कमी संशयी असते, तर तुझी सगळी मेहनत भाजी निवडता निवडता वाचून दाखवलेल्या एका आकड्यानं पुसली गेली असती. हे तुझ्यासारख्याला सुचायला हवं होतं. उत्तर दे असं म्हणत नाही, पण तुझं चुकलं.

आणि पुढचं नीट होईल यावर माझा विश्वास आहे असंही समजू नकोस. उन्हाळा यायचाय. मॅडमची बदली होईल. सेल्वराजची होईल. नवा कुणीतरी येऊन म्हणेल, भिंतीवर एवढा राखाडी रंग बरा दिसत नाही. मी रोज सकाळी नळ उघडून बघते आणि मग फोन बघते, आधी नळ, मग फोन. दोघांचं जुळलं नाही की ऑफिसात जाऊन बसते. तिथले लोक मला बघून आता उठून उभे राहतात. आदरानं नाही, हे मला कळतं.

एक गोष्ट राहिली. ती सांगायलाच खरं म्हणजे हे लिहिलं.

पाहणीची हकिकत सांगून मलर निघाली. जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, “अम्मा, तुम्हाला मी आधीपासून ओळखत होते.” मी विचारलं, कशी? म्हणाली, “टाकीवर चढताना सर म्हणायचे, पडद्याकडे आधी माझ्या बहिणीच्या नजरेनं बघ. तिचा कशावरच विश्वास नाही. तिला पटलं तर ते खरं.” आणि म्हणाली, “एकदा तुम्ही त्यांना फार वाईट प्रश्न विचारला होता ना? तो कुणीतरी विचारलाच पाहिजे होता, असं ते म्हणायचे.”

मी दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

मग मन आपल्या वाटेनं गेलं. म्हटलं, ही मुलगी चांगली आहे, मला बरं वाटावं म्हणून हिनं रचलं असेल. पण आपल्या भांडणातला तो प्रश्न हिला कुठून कळला? तो तू हिला सांगितलास म्हणजे मनाला लावून घेतला होतास, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पुढचं तिनं माझ्यासाठी जोडलेलं असू शकतं. एरवी मी तुलाच विचारलं असतं, पानावर बसल्यावर, सरळ: असं म्हणाला होतास का? आणि तू ताक वाढून घेतलं असतंस.

आता विचारायला कुणी नाही. पुरावा नाही, मधल्या पायऱ्या नाहीत. नारायणा, जन्मात मी असं कधी केलं नाही. पण हे एक मी तसंच खरं धरून चालले आहे.